उतारवयातील ड जीवनसत्त्व: थोडे, पण रोज

सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या रक्ततपासणीच्या कागदावर ड जीवनसत्त्वाचा आकडा कमी निघाला, की घरात साधारणपणे दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर ‘या वयात एवढे चालायचेच’ असे म्हणून तो कागद फायलीत जातो, नाही तर मोठ्या मात्रेची आठवड्याची गोळी सुरू होते आणि ती केव्हा थांबवायची हे विचारायचे राहून जाते. आईच्या औषधांची जबाबदारी माझ्याकडे आल्यापासून मी या विषयावर जमेल तेवढे वाचत आले आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणाच्या उपचारांत बदल सुचवण्याचा माझा अधिकार नाही. परंतु वाचनातून माझे एक मत पक्के झाले आहे. वृद्धांची ड जीवनसत्त्वाची गरज खरी आहे, बहुतेकांच्या बाबतीत ती रोजच्या लहानशा मात्रेने भागते आणि एकदम मोठी मात्रा देऊन अधिक लाभ होतो, या समजुतीला पुराव्यांचा आधार नाही.

ही गरज वयाबरोबर का वाढते, हे समजून घेण्यासाठी शरीरात हे जीवनसत्त्व कसे तयार होते ते पाहावे लागते. त्वचेत कोलेस्टेरॉलच्या कुळातला ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील ‘ब’ किरणांनी त्याची रचना बदलते आणि पुढे शरीराच्या उष्णतेने त्याचे ड-३ जीवनसत्त्व होते. ते यकृतात जाऊन २५-हायड्रॉक्सी स्वरूप घेते. रक्ततपासणीत मोजतात ते हेच. शेवटची पायरी मुख्यतः मूत्रपिंडात घडते आणि तेथे त्याचे खरे कार्यक्षम रूप, म्हणजे कॅल्सिट्रिऑल, तयार होते. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्याचे काम या रूपाच्या हुकमाने चालते. वय वाढते तशी यातील पहिली आणि शेवटची पायरी कमजोर होत जाते. मॅक्लॉफ्लिन आणि हॉलिक यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ८ व १८ वर्षांच्या व्यक्तींच्या त्वचेची तुलना ७७ व ८२ वर्षांच्या व्यक्तींच्या त्वचेशी केली होती, आणि वृद्ध त्वचेची ही क्षमता निम्म्याहूनही कमी झालेली आढळली होती. म्हणजे आजी आणि नातू एकाच उन्हात, तेवढाच वेळ बसले, तरी दोघांच्या पदरात सारखे पडत नाही.

शिवाय वृद्ध माणूस उन्हात बसतोच किती, हाही प्रश्न आहे. गुडघे दुखतात, तोल जाण्याची भीती वाटते, उन्हाने गळून जायला होते, आणि अंगभर कपडे असतातच. माझी आई रोज सकाळी बंद काचेच्या खिडकीपाशी खुर्ची ओढून ऊन अंगावर घेत असे, आणि त्यातून हाडांना बळ मिळते असा तिचा ठाम विश्वास होता. खिडकीची साधी काच प्रकाश आणि ऊब आत येऊ देते, मात्र अतिनील ‘ब’ किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. त्यामुळे काचेआडच्या उन्हातून हे जीवनसत्त्व तयार होत नाही. तिला हे सांगितले तेव्हा तिला वाईट वाटले, पण खुर्ची तिने तिथेच ठेवली, कारण सकाळची ऊब तिला हवीच होती, आणि ते योग्यच होते. सूर्य क्षितिजाजवळ असतानाही हे किरण वातावरणात फार गाळले जातात. बोस्टनसारख्या शहरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात त्वचेत हे जीवनसत्त्व जवळजवळ बनतच नाही, असे १९८८ मध्ये दाखवले गेले आहे. गडद वर्णाच्या त्वचेला तेवढ्याच निर्मितीसाठी अधिक वेळ लागतो. या सर्व कारणांमुळे आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका लक्षात घेऊन, घरातच असणाऱ्या वृद्धाला ‘उन्हात बसा’ एवढेच सांगून भागत नाही, असे मला वाटते.

आहाराचा हातभार येथे दुर्दैवाने अपुराच पडतो. तेलकट मासे, कॉड माशाच्या यकृताचे तेल, अतिनील किरणांखाली ठेवलेले मशरूम आणि थोड्या प्रमाणात अंड्याचा बलक, एवढीच त्याची मुख्य नैसर्गिक साधने आहेत. एका बलकातून सुमारे ४० युनिटच मिळतात. काही देशांत दूध किंवा स्निग्ध पदार्थांत हे जीवनसत्त्व मिसळले जाते आणि तेथे त्याचा उपयोग दिसतो, परंतु ज्यांच्या ताटात यातले फारसे काही येत नाही त्यांच्यासाठी गोळी किंवा थेंब हाच सरळ मार्ग उरतो.

कमतरता दीर्घकाळ राहिली, तर काय होते? आतड्यातून पुरेसे कॅल्शियम शोषले जात नाही. रक्तातील कॅल्शियम घसरू नये म्हणून मानेतील परावटू ग्रंथी अधिक संप्रेरक सोडू लागतात, आणि ते संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणते. हाड असे हळूहळू विरळ होत जाते. कमतरता तीव्र असेल, तर नवीन हाडात खनिज नीट भरलेच जात नाही आणि हाड मऊ पडते. याला अस्थिमृदुता म्हणतात. तिची लक्षणे ‘वयोमानाने होते’ या सदरात सहज खपून जातात, म्हणून ती येथे नीट सांगते. कंबर, मांड्या, बरगड्या यांत खोल, बोथट दुखणे राहते. हाड दाबले तर कळ येते. मांड्यांचे आणि खांद्याजवळचे स्नायू कमजोर होतात. माणूस खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी जोर देतो, जिना चढताना कठड्याला धरून अंग वर ओढतो आणि डुलत चालू लागतो. अशा माणसाच्या बाबतीत ड जीवनसत्त्वाबरोबर कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि परावटू संप्रेरक यांच्या तपासण्या होणे आवश्यक असते. योग्य उपचारांनी यातले पुष्कळ काही सुधारते, आणि म्हणूनच ‘वय झाले’ या उत्तरावर थांबणे मला अन्यायाचे वाटते.

आता आकड्यांकडे येते. ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम; गोळीच्या पाकिटावर कधी एक मोजमाप असते, कधी दुसरे, त्यामुळे हे रूपांतर लक्षात ठेवलेले बरे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २०१० च्या अहवालात सत्तर वर्षांपर्यंतच्या प्रौढांसाठी रोज ६०० युनिट आणि त्यापुढील वयासाठी ८०० युनिट, म्हणजे २० मायक्रोग्रॅम, अशी शिफारस केली आणि सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा रोज ४००० युनिट ठरवली. रक्तातील पातळी प्रति मिलिलिटर २० नॅनोग्रॅम असेल, तर जवळजवळ सर्वांच्या हाडांची गरज भागते, असे त्या अहवालाचे मत होते. पुढच्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेने मात्र २० च्या खाली कमतरता, २० ते ३० च्या मध्ये अपुरेपणा आणि ३० च्या वर पुरेसेपणा, अशी विभागणी मांडली. अनेक प्रयोगशाळांच्या अहवालांवर आजही ३० ची रेघ दिसते ती यातूनच आलेली आहे, आणि २४ किंवा २६ असा आकडा आलेल्या असंख्य वृद्धांच्या मनात आपल्याला आजार आहे ही चिंता त्या रेघेनेच निर्माण केली. याच संस्थेने २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत ३० च्या त्या लक्ष्याचा पाठपुरावा सोडून दिला आणि अन्य कारण नसलेल्या निरोगी प्रौढांची ही तपासणी सरसकट करू नये असे सुचवले. पंच्याहत्तरीपुढील लोकांना मात्र तपासणी न करताही रोजची पूरक मात्रा द्यावी, कारण त्यामुळे मृत्यूचा धोका काहीसा कमी होण्याची शक्यता आहे, असे त्यांनी म्हटले. ज्या चाचण्यांवर ही शिफारस बेतली होती, त्यांतील सरासरी मात्रा दिवसाला सुमारे ९०० युनिट होती. पन्नास ते चौऱ्याहत्तर या वयोगटात नेहमीच्या शिफारशीपेक्षा अधिक मात्रा सरसकट घेऊ नये, असेही त्यांनी सुचवले.

हा बदल अनेकांना गोंधळात टाकणारा वाटला, परंतु मधल्या काळातील मोठ्या चाचण्या पाहिल्या म्हणजे त्याची संगती लागते. अमेरिकेतील व्हायटल या चाचणीत २५,८७१ लोक होते. पुरुष पन्नाशीचे व त्यापुढचे, स्त्रिया पंचावन्न व त्यापुढच्या. त्यांतील अर्ध्यांना रोज २००० युनिट ड-३ सुमारे पाच वर्षे देण्यात आले. नव्याने होणारा कर्करोग किंवा हृदयविकार त्यामुळे कमी झाला नाही, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हाडे मोडण्याचे प्रमाणही घटले नाही. ‘ड जीवनसत्त्व निरुपयोगी’ असे मथळे तेव्हा झळकले. पण या लोकांची सरासरी पातळी मुळातच ३० नॅनोग्रॅमच्या आसपास होती, आणि हाडांच्या आजारासाठी म्हणून त्यांची निवड झालेली नव्हती. ज्याला कमतरता नाही त्याला अधिक दिल्याने अधिक लाभ होत नाही, एवढेच या चाचणीतून निघते. घरात किंवा वृद्धाश्रमात बंदिस्त, ऊन न मिळणाऱ्या, थकलेल्या वृद्धाबद्दल ती काही सांगत नाही.

त्या वृद्धांबद्दल सांगणारी चाचणी आहे फ्रान्समधली. १९९२ मध्ये शापुई आणि सहकाऱ्यांनी वृद्धांसाठीच्या निवासांत राहणाऱ्या ३,२७० स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय ८४ होते. एका गटाला रोज ८०० युनिट ड-३ आणि १.२ ग्रॅम कॅल्शियम दिले गेले, दुसऱ्या गटाला परिणामशून्य गोळी, म्हणजे तुलनेसाठी दिलेली औषध नसलेली गोळी. दीड वर्षाने पहिल्या गटात खुब्याचे हाड मोडण्याच्या घटना ४३ टक्क्यांनी कमी होत्या. येथे मात्रा साधीच होती, ती रोज होती, सोबत कॅल्शियम होते, आणि घेणाऱ्यांना तिची खरोखर गरज होती. माझ्या मते वृद्धांच्या बाबतीतला सारा विचार या चार गोष्टींभोवती फिरायला हवा.

मोठ्या मात्रेच्या बाबतीतला अनुभव याच्या नेमका उलट आहे, आणि त्याची चर्चा घरोघरी व्हायला हवी असे मला मनापासून वाटते. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढील २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिले गेले. रोज गोळी घेण्याची कटकट वाचेल, हा हेतू चांगलाच होता. २०१० मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दिसले, की परिणामशून्य गोळी घेणाऱ्यांपेक्षा या स्त्रिया १५ टक्के अधिक पडल्या आणि त्यांची हाडे २६ टक्के अधिक मोडली. पडण्याचे प्रमाण मात्रेनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत विशेष होते. झुरिक येथे पूर्वी पडलेल्या, सत्तरीपुढील २०० जणांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत महिन्याला २४,००० युनिट घेणाऱ्यांपैकी सुमारे ४८ टक्के लोक वर्षभरात पडले, तर महिन्याला ६०,००० युनिट घेणाऱ्यांपैकी सुमारे ६७ टक्के. महिन्याला २४,००० म्हणजे दिवसाला ८०० हे येथे ध्यानात घ्यावे. कॅनडातील कॅलगरी येथे ५५ ते ७० वर्षांच्या निरोगी लोकांना तीन वर्षे रोज ४००, ४००० किंवा १०,००० युनिट देण्यात आले. २०१९ चा हा अभ्यास सांगतो, की वरच्या दोन्ही मात्रांच्या गटांत मनगटाजवळच्या हाडाची घनता ४०० युनिटच्या गटापेक्षा कमी भरली. हाडांसाठी घेतलेल्या औषधाने हाडांचेच बळ वाढू नये, ही गोष्ट गंभीरपणे घेण्यासारखी आहे.

याचा अर्थ मोठी मात्रा कधीच देऊ नये असा मात्र नाही. पातळी फारच खालावलेली असेल, अस्थिमृदुतेची लक्षणे असतील किंवा हाडांचे प्रभावी औषध लवकर सुरू करायचे असेल, तर डॉक्टर काही आठवड्यांसाठी आठवड्याला पन्नास-साठ हजार युनिट देतात आणि तो मान्य उपचार आहे. अडचण येते ती आठ आठवड्यांची चिठ्ठी आठ महिने चालू राहते तेव्हा. आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला साडेआठ हजारांहून अधिक युनिट, सुरक्षित मर्यादेच्या दुपटीहून जास्त. त्यात कॅल्शियमच्या गोळीत ड जीवनसत्त्व मिसळलेले असते, बहुजीवनसत्त्वाच्या गोळीत असते, आणि एखाद्या पोषक भुकटीच्या डब्यातही असते. आईच्या औषधांचा डबा एकदा टेबलावर रिकामा करून प्रत्येक पाकिटामागचा बारीक मजकूर भिंगातून वाचला, तेव्हा तिला तीन ठिकाणांहून हे जीवनसत्त्व मिळत होते असे दिसले. बेरीज करून तो कागद डॉक्टरांना दाखवला आणि त्यांनी त्यातले एक औषध बंद केले. हे काम घरातल्या कोणीही करू शकते. त्यासाठी वैद्यकीय ज्ञान लागत नाही, चष्मा आणि थोडा वेळ लागतो.

अतिरेक झाला, तर त्रास होतो तो रक्तातील कॅल्शियम वाढल्यामुळे. तहान फार लागते, लघवीला वारंवार जावे लागते, शौचास साफ होत नाही, मळमळते, अन्नावरची वासना जाते, माणूस गोंधळल्यासारखा किंवा सुस्त होतो. पुढे मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. ऐंशीच्या घरातल्या माणसात ही प्रत्येक तक्रार वेगळी घेतली, तर नवी वाटतच नाही. म्हणून ड जीवनसत्त्वाची मोठी मात्रा चालू असलेल्या वृद्धात अशा दोन-तीन तक्रारी एकदम दिसल्या, तर वाट न पाहता कॅल्शियमची तपासणी करून घ्यावी. मूतखडा होऊन गेलेला असेल, शरीरात दाहाच्या बारीक गाठी होणारा सारकॉइडोसिससारखा आजार असेल, परावटू ग्रंथी अतिक्रियाशील असतील किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, तर साधी मात्राही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. रक्तदाबासाठी थायझाइड गटातील गोळी चालू असेल, तर शरीर कॅल्शियम अधिक राखून ठेवते. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्याला वाढलेले कॅल्शियम विशेष धोक्याचे असते. उलट फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन ही अपस्माराची आणि रिफॅम्पिसिन हे क्षयाचे, ही औषधे शरीरातील ड जीवनसत्त्व लवकर संपवतात, आणि स्निग्ध पदार्थ नीट न पचणाऱ्यांना किंवा स्थूल व्यक्तींना नेहमीची मात्रा कमी पडू शकते. कॅल्सिट्रिऑल आणि अल्फाकॅल्सिडॉल ही मूत्रपिंडाच्या रुग्णांना वगैरे दिली जाणारी औषधे वेगळी आहेत. नावे जवळची वाटली, तरी ती साध्या ड-३ च्या जागी परस्पर घेणे धोक्याचे आहे.

गोळी घेण्याची पद्धत सोपी आहे. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळते, त्यामुळे ते दिवसातील मोठ्या जेवणाबरोबर घ्यावे. सकाळी की रात्री, याने फरक पडत नाही. ड-२ या दुसऱ्या प्रकारापेक्षा ड-३ ने पातळी अधिक टिकून राहते. ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनवतात, आणि ज्यांना प्राणिज पदार्थ नको असतात त्यांच्यासाठी दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासून काढलेले ड-३ मिळते. रक्तातील पातळी सावकाश बदलते, कारण २५-हायड्रॉक्सी रूप निम्मे व्हायलाच दोन ते तीन आठवडे लागतात; म्हणून उपचारांनंतरची तपासणी तीन महिन्यांच्या आत करण्यात अर्थ नसतो. रोजची गोळी विसरते अशी तक्रार असेल, तर आठवड्याच्या सात कप्प्यांच्या डबीत ती जेवणानंतरच्या इतर औषधांबरोबर ठेवणे, हा मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो.

कॅल्शियमही पुरेसे हवे. २०१० च्या त्याच अहवालात पन्नाशीपुढील स्त्रियांना आणि सत्तरीपुढील पुरुषांना रोज १२०० मिलिग्रॅम, आहार धरून, अशी शिफारस होती. ‘आहार धरून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आहारातून ७००-८०० मिलिग्रॅम मिळत असेल, तर वरच्या भरीपुरतीच गोळी लागते. अमेरिकेत ३६,२८२ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात मूतखड्याचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढले होते. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान होऊन झोलेड्रॉनिक आम्ल किंवा डेनोसुमॅबचे इंजेक्शन द्यायचे ठरले असेल, तर त्याआधी ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढणे अत्यावश्यक असते, अन्यथा इंजेक्शननंतर रक्तातील कॅल्शियम धोकादायकपणे घसरू शकते. तपासणी जिथे निर्विवादपणे करायला हवी, अशा प्रसंगांपैकी हा एक आहे.

राहता राहिला पडण्याचा प्रश्न. वृद्धाचे खुब्याचे हाड मोडते ते बहुतेक वेळा पडल्यामुळे, आणि ज्याला कमतरता नाही अशा माणसाचे पडणे गोळीने थांबत नाही. व्यायामाने मात्र ते कमी होते. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात १०८ चाचण्या एकत्र अभ्यासल्या होत्या, आणि तोल सांभाळण्याच्या, पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामांनी पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते असे त्यातून निघाले. आईच्या फिजिओथेरपिस्टने तिला दिलेला पहिला व्यायाम होता हात छातीशी बांधून भक्कम खुर्चीतून सावकाश उठण्याचा आणि तितक्याच सावकाश बसण्याचा, जवळ कोणी तरी उभे असताना. सुरुवातीला तिला दोनदाच जमत असे. झोपेच्या गोळ्या, चष्म्याचा जुना नंबर, उभे राहताच घसरणारा रक्तदाब, रात्री न्हाणीघराच्या वाटेवरचा अंधार, या गोष्टींची विचारपूस जीवनसत्त्वाच्या आकड्याइतक्याच काळजीने व्हायला हवी, आणि ती डॉक्टरांच्या पुढच्या भेटीतच करून घ्यावी.